गुडघा माझाच हाय

आमच्या नणंदबाईंइतकी आजारपणाची बेअदबी करणारी बाई उभ्या मराठवाड्यात दुसरी सापडायची नाही. नात्यानं ह्यांची धाकटी बहीण, वय सत्तरीच्या पुढं, अर्धापूरला केळीच्या मळ्यात एकट्या राहतात. आतड्यातली गाठ काढायला त्यांना नांदेडला आणलं, पोटावर वीतभर टाके पडले, आणि दवाखान्यातून त्या माझ्या घरी आल्या त्या पेशंटसारख्या नाही, तपासणीला आलेल्या साहेबासारख्या. आल्या आल्या म्हणाल्या, "वैनी, पलंग खिडकीपाशी कामून ठेवला? मी काय इथं मरायला आले का बाहेर बघत?"

या ताठ्याला कारण होतं. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी दोन बोटं पुढं केली होती. "आजी, जोरात दाबा." वन्संनी दाबली. डॉक्टर म्हणाले, "हं, दाबा ना." "दाबलीच की!" वन्सं म्हणाल्या. तेवढंच जिव्हारी लागलं. डॉक्टर समजावत होते, मोठ्या ऑपरेशननंतर जखम भरायला शरीर स्वतःचंच मांस खर्ची घालतं, वर माणूस पडून राहिला की हातपाय आणखी वाळतात. म्हणून प्रत्येक जेवणात डाळ, दूध, अंडं, दाणे असं काहीतरी हवंच, थोडं थोडं पण दिवसभर. ओझं उचलायचं नाही, पण चालायचं, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठबस करायची. त्यातच माझा लेक बोलून गेला, "आत्या, अर्धापूर आता विसर. घराला कुलूप लावू. तिथं पडलीस तर उचलणार कोण?"

"अन् माझी मी उठले तर?"

"जमिनीवर बसून, कशालाही न धरता उठून दाखव. मग खुशाल जा."

लेकाला वाटलं, विषय मिटला. मला मात्र आतल्या आत गुदगुल्या झाल्या. दुपारी बोलायला हक्काचं माणूस मिळणार होतं ना!

दुसऱ्या दिवसापासून भावकीची रांग लागली, आणि जो तो केळी घेऊन. "अर्धापूरच्या बाईला केळी आणून राहिले बगा," वन्सं कपाळाला हात लावायच्या. एका चुलत जावेनं वरणाची वाटी पाहून जीभ चावली. "अगं बाई, डाळीनं टाके पिकतात! नुसता मऊ भात द्या, अन् उठू देऊ नका." वन्सं गोड हसल्या. "हात द्या बरं." जावेनं मायेनं दिला. "सोडा म्हणल्याशिवाय सोडत न्हाई." तेव्हा पकडीत जोर इतका बेताचा होता, की जाऊबाई तशाच अर्धा तास बोलत बसल्या, त्यांना पत्ताही नाही. पण पुढं पुढं पाहुणे ओरडायला लागले, आणि 'आराम करा' म्हणणारी माणसं दारातूनच तब्येत विचारून परत फिरू लागली.

आमच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलेलं नव्हतं. मी गॅलरीत जुन्या पातेल्यात उकडायची, आणि शेजारीण डोकावली की बटाटे आहेत म्हणायची. वन्सं दह्यात दाण्याचं कूट कालवून घ्यायच्या, वरण तर वाटी तोंडाला लावून प्यायच्या. हे ऐकायला मजेचं वाटतं, पण भूक त्यांना अजिबात नव्हती. घास तोंडात फिरत राहायचा, डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणायची, "राहू द्या आता." तर त्या मान हलवायच्या. "मळ्यात जायचंय मला," म्हणायच्या आणि गिळायच्या.

आणि मी? माझं सिझेरियन झालं तेव्हा मी खाटेवर अशी पडले होते, जणू जिल्ह्यातलं पहिलंच बाळंतपण. वरण नको, टाके पिकतील. उठायचं तर सासूबाईंचा खांदा हवा. शेवटी उठले तेव्हा भरली कळशी उचलवेना, तर मी बावळट ते सगळ्यांना मिरवून सांगायची, "मी पहिल्यापासूनच नाजूक!" तेव्हाही वन्सं म्हणाल्या होत्या, "वैनी, तुम्ही आजारी न्हाईत, निवांत हायेत." मी दोन दिवस अबोला धरला होता. आता या वयात त्यांनी मलाही समोरच्या खुर्चीत बसवलं आणि आपल्याबरोबर उठबस करायला लावली. दोन म्हाताऱ्या समोरासमोर उठतायत, बसतायत, एकमेकींना हसतायत. मोलकरीण झाडू टाकून बघत राहायची.

टाके सुकले, डॉक्टरांनी खाली बसायला हरकत नाही म्हटलं, तो रविवार. लेक पेपर वाचत होता. वन्संनी त्याच्यापुढं सतरंजी अंथरली, बसल्या, उठायला गेल्या आणि अर्ध्यावरून खाली आल्या. लेक धावला. "हात लावू नको!" असा आवाज निघाला, की तो जागच्या जागी थांबला. मी देवाकडं काय मागत होते ते मी सांगणार नाही. वन्संनी दम घेतला, एक पाय पुढं रोवला, दोन्ही तळवे गुडघ्यावर ठेवले आणि थरथरत, दात खात, उभ्या राहिल्या.

"आत्या, गुडघ्याला धरलंस की!"

"गुडघा माझाच हाय! तुझ्या बापाचा न्हाई!"

दोन दिवसांनी दारात रिक्षा आली. दाण्याच्या कुटाचा डबा पिशवीत टाकून वन्सं बसल्या आणि हात पुढं केला. "द्या वैनी." दिला. बोटांची हाडं कडकडली. त्या 'सोडा'ची वाट बघत होत्या. मी म्हटलंच नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवून राहिला. "म्हणा की वैनी," त्या हळूच म्हणाल्या. शेवटी पकड त्यांनीच सैल केली.

आता दुपारी समोरची खुर्ची रिकामी असते. मी एकटीच उठते, बसते, वाटीभर वरण पिते. शेजारीण विचारते, या वयात कशासाठी? कशासाठी म्हणजे? अर्धापूरला जायचंय मला. वन्संचा हात धरायचाय, आणि या वेळी 'सोडा' त्यांनी म्हणायचं.