शिदूच्या सतरा बायका

माण तालुक्यात अंबूबाईंचा जन्म मेंढरं राखण्यात गेला. सत्तर वर्षांत त्यांना कुणी घराणं विचारलं नव्हतं. अपेक्षा नावाची मुलगी विचारायला आली. ती मानवशास्त्र शिकत होती आणि सोमवारी साताऱ्यात सरांपुढे तिला एक वंशवृक्ष मांडायचा होता. त्यात पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ काढायचं.

"आजी, तुमच्याकडं कोण कुणाचं लेकरू, ते सांगता का?"

अंबूबाई न अडखळता सात पिढ्या सांगत गेल्या. गंगूची ठकू, ठकूची सारजा. शिदूच्या तर सतरा बायका. अपेक्षा हरखली. असली लग्नपद्धत तिच्या पुस्तकात या भागात कुठंच नव्हती.

"सतरा जणी भांडायच्या नाहीत?"

"कशाला भांडत्यात? चारा असला की झालं."

अपेक्षाचं पेन थांबलं. "सारजा आता कुठं असते?"

"ती काय, तुझी ओढणी चघळतीया."

मागे सारजा मेंढी ओढणीचं टोक शांतपणे चावत होती.

"आजी, मला माणसं हवी होती."

"आगं, हितं येणारा डाक्टर मेंढरांचंच इचारतो." अंबूबाई आपल्या माणसांच्या पिढ्या बोटांवर मोजू लागल्या आणि सासऱ्याच्या बापाच्या नावापाशीच अडल्या. "म्होरलं न्हाई ठावं."

अपेक्षा कागद फाडणार, तोच त्यांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे की. पोरं ममईला. माझ्यामागं शिदूची वळख कोण ठेवणार?"

सोमवारी अपेक्षाने दोन्ही घराणी मांडली. माणसांच्या तीन पिढ्या, मेंढरांच्या सात. पुरावा म्हणून चघळलेली ओढणी गळ्यातच होती.