चिंगीचं बाळंतपण

देऊळघाटहून निघाले तेव्हा गाडीत माझी एक बॅग होती आणि मागच्या सीटवर चिंगी, आमची कुत्री. पुण्यात नोकरी मला लागली होती, तिला नाही. पण बाबांनीच तिला उचलून आत बसवलं. दर वेळी तिची पिल्लं रस्त्यावर गाडीखाली जायची आणि ती दिवसदिवस तिथेच बसून राहायची. "घेऊन जाय हिले," बाबा म्हणाले, "माह्याच्यानं आता पाह्यलं नाही जात."

पुण्यात डॉक्टरांनी नसबंदी केली. पोटाचं ऑपरेशन म्हणून मी घरी फोनवर सांगितलं आणि झालं! पोटाचं म्हणजे आमच्या आईच्या लेखी बाळंतपणच. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि शेकायला जुनी लुगडी घेऊन ती ट्रॅव्हल्सने थेट हजर. गावाकडच्यांनो, हसू नका, तुमचीही आई आलीच असती.

उड्या नाहीत, आंघोळ नाही, टाक्यांना काही लावायचं नाही आणि गळ्यातली प्लास्टिकची कॉलर काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेक मी थांबवला, लाडू मीच खाल्ले. पण मी ऑफिसला गेले आणि आईला चिंगीची दया आली. "काऊन छळून राह्यले मुक्या जनावराले?" म्हणत तिने कॉलर काढली. मी परतले तर चिंगीने चाटून चाटून जखम लाल केलेली, एक टाकाही सुटलेला. आई शेजारी बसून रडत होती. "माह्या हातानं गेली तं?"

राग आला होता, तो गिळला. रिक्षात चिंगी आईच्या मांडीवर. डॉक्टरांनी तपासलं. टाका वरच्या कातडीचाच होता, आत सगळं ठीक होतं. आईने त्यांना तिथेच हात जोडले. मलाही हायसं वाटलं.

मग कॉलरची राखण आईकडेच. वाटी कॉलरच्या आत धरून ती चिंगीला भरवायची, मला जवळ फिरकू द्यायची नाही.

टाके निघाले त्या दिवशी चिंगी फरशीवर उताणी पसरून घोरत होती. आईने बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "दिवाळीले आणजा तिले. आता कायचं भेव?"

"हाव, आणतो," आई म्हणाली. "चांगली हाये थे. आत्ताच घरी आणलं तिले."

आजवर माझ्या भाड्याच्या फ्लॅटला ती 'तुही खोली' म्हणत आली होती. मी आत जाऊन तिघींचा भात टाकला.