नानांनी कळवलेली खुशाली

मी गाव सोडलं तेव्हा फाट्यावर आई उभी होती, नाना उभे होते आणि सुरतेकडे जाणारी एसटी उशिरा होती. आईच्या हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी होती. नाना रिकाम्या हातांनी उभे होते. ते गावी येताना सगळ्यांसाठी काहीबाही आणायचे आणि जाताना गावातली पोरं घेऊन जायचे. त्या खेपेला मी होतो. धुळ्याच्या ज्या दैनिकात मी तालुक्याच्या बातम्या नीट करून लावायचो ते बंद पडलं होतं, आणि सिल्वासाजवळ मसाटला दोऱ्याच्या कंपनीत माणसं हवी होती. नाना माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. तिथल्या ठेकेदाराचे ते खास माणूस.

एसटी दिसली तेव्हा आई मला म्हणाली, "तब्येत बिघडनी ते सांगजो, भाऊ. दपाडू नको." बिघडली तर सांग, लपवू नकोस.

उत्तर मी देण्याआधी नानांनी दिलं. "मी शे ना, वहिनी. मी सांगसू." मी आहे ना, मी सांगेन.

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. गावच्या मंडळाने यंदा बाहेरगावी नाव काढलेल्यांचा सत्कार ठेवला आहे. त्यात नाना पहिले. मी वर्तमानपत्रात होतो म्हणून स्मरणिकेसाठी त्यांच्याबद्दल लिहायला मला सांगितलं. ते लिहीत आहे.

गावात माझी खाट माझी होती. उन्हाळ्यात ती ओट्यावर यायची, थंडीत आत जायची, पण तिच्यावर दुसरा कोणी झोपत नसे. सिल्वासात गादी माणसाची नसते, पाळीची असते. डोकमर्डीच्या चाळीत नानांनी घेतलेल्या खोलीत जेवढी माणसं होती, त्याच्या निम्म्या गाद्या होत्या. दिवसपाळीवाले रात्री झोपायचे. सकाळी रातपाळीवाले यायचे आणि त्याच गाद्यांवर आडवे व्हायचे. चादर अजून कोमट असायची. माझ्या गादीचा दुसरा मालक रामसेवक, बलियाकडचा. सुट्टीच्या दिवशी ज्याची वेळ नसेल त्याने दमणगंगेच्या काठच्या बागेत जाऊन पडायचं, अशी रीत होती. सगळे कामावर जात होते तोवर कोणाचं कोणाशी भांडण नव्हतं. कोणी आजारी पडणार नाही असं धरून केलेली ती व्यवस्था होती.

पहिल्याच वर्षी, पाऊस ओसरून ऊन तापायला लागलं तेव्हा मला फ्लू झाला. अंग असं दुखत होतं की बादली उचलवेना. नाक्यावरच्या डॉक्टरने छातीला नळी लावली आणि म्हणाला, "बधे आ ज चाले छे. गोळी लो, ने पथारीमांथी उठता नहीं." सगळीकडे हेच चालू आहे; अंथरुणातून उठू नका. मी खोलीवर आलो तेव्हा अंथरुणात रामसेवक होता.

त्याने मला पाहिलं आणि उठून बसला. नाना दारातच होते. तो म्हणाला, "नाना, इसको सोने दो. मैं ऊपर छत पे पड़ जाऊँगा."

"तू धूप में पड़ेगा और रात को मशीन पे झोंका खाएगा," नाना म्हणाले. "आज एकाला सोडलं तर उद्या अख्ख्या चाळीला ताप येईल." मग माझ्याकडे वळून: "चल रे पत्रकार, वर चल. वर हवा चांगली आहे. मोठ्या लोकांना डॉक्टर हवापालट करायला सांगतात, तुला फुकटात मिळतेय."

खोलीतले दोघे हसले. मी त्यांना दोष देत नाही. नाना बोलले की हसायचं असतं.

गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली होती आणि ती सरकत होती. तिच्याबरोबर मी सरकत होतो. रामसेवकने आपली गोधडी वर आणून दिली होती. दिवसभर टाकी आणि रात्री गादी, असा तो ताप मी काढला. अंगात थंडी वाजायची आणि खालची फरशी भाजायची. कोणी पाणी आणून देईल का, याचा विचार मी पहिल्या दिवशी केला, नंतर सोडून दिला.

घरी फोन केला नव्हता. आवाज फुटत नव्हता आणि फोन खाली चार्जिंगला होता. एका दुपारी नाना जिन्याच्या दारात आले. माझाच फोन त्यांच्या कानाला होता. ते माझ्याकडे बघत बोलत होते. "मजामा शे, वहिनी. ड्युटीवर गया. फोन खोलीमा राही गया." मी हात वर केला. नानांनी तो पाहिला. मग बोलणं संपवून फोन माझ्या उशाशी ठेवला.

"वहिनी होती. काळजी करत होती, मिटवली," ते म्हणाले आणि खाली गेले.

ताप उतरल्यावर आईशी बोललो तेव्हा उरलेली हकीकत कळली. माझा फोन येत नाही म्हणून ती पिशवी भरून फाट्यावर आली होती. पिशवीत कुळथाचं पीठ, लसूण आणि तिची दोन लुगडी. सुरतेच्या एसटीत चढण्याआधी तिने एकदा शेवटचा फोन लावला, तो नानांनी घेतला. मी मजेत आहे, कामावर गेलोय, असं ऐकून तिने एसटी सोडून दिली आणि चालत घरी गेली. हे ती स्वतःवर हसत सांगत होती. "मी बी येडीच," म्हणाली.

ती तेव्हा आली असती. पुढे तिचे गुडघे गेले. ती सिल्वासाला कधीच आली नाही, आता येणारही नाही. मी कुठे राहतो हे माझ्या आईने पाहिलेलं नाही.

नानांना मी एका शब्दाने बोललो नाही. भांडलो असतो तर ते हसले असते आणि खोली हसली असती. मी काम करत राहिलो, माल रवाना करण्याच्या विभागात गेलो, त्याच गल्लीत स्वतःची खोली घेतली. नानांना रोज नमस्कार केला आणि वाट पाहिली.

मागच्या हिवाळ्यात नानांना फ्लू झाला.

इथे नानांच्या घराबद्दल सांगायला हवं. गावात सगळ्यांना माहीत आहे की नाना लिफ्टच्या इमारतीत राहतात. त्या इमारतीच्या फाटकापुढे उभे असलेले त्यांचे फोटो अनेकांच्या फोनमध्ये आहेत. इमारत खरी आहे, डोकमर्डीतच आहे. नाना तिच्यात राहत नाहीत. ते त्याच चाळीत, तळमजल्याच्या खोलीत, पडद्यामागे राहतात. गादी मात्र त्यांची एकट्याची.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, गोळ्या वेळेवर दिल्या, मऊ भात करून भरवला, चादर बदलली. त्या सेवेत खोट काढायला मी जागा ठेवली नाही. ती मला ठेवायचीच नव्हती. ताप चढला की नाना रडायचे आणि वारलेल्या आईला हाक मारायचे. मी शेजारी बसून ऐकत असे.

मग गावाहून काकूंचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, फोन आला. नानांनी नाव पाहिलं आणि फोन माझ्याकडे सरकवला. त्यांचा घसा बसला होता. "सांग तिला," ते कसेबसे म्हणाले, "ड्युटीवर गेलेत म्हणून."

मी स्पीकर लावला, म्हणजे त्यांना ऐकू यावं.

"काकू, नाना आजारी आहेत. फ्लू आहे, ताप हटत नाही. काल खूप रडले. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणाले. इथे चाळीत आहेत, खाली गादीवर."

"चाळमा?" काकू म्हणाल्या. "आनि तो फ्लॅट?"

"फ्लॅट नाही, काकू. पत्ता सांगू?"

नानांनी हात वर केला. मी तो पाहिला. पत्ता सांगितला, चाळीची खूण सांगितली, वापीला उतरून रिक्षा कुठून मिळते तेही सांगितलं.

काकू दिराला घेऊन आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी पडदा पाहिला, दोरीवरचे कपडे, भिंतीला लावलेल्या गाद्यांच्या वळकट्या पाहिल्या. पदर खोचला, नानांचं कपाळ चाचपलं, गॅस पेटवला आणि कुळथाचे शेंगोळे करायला घेतले. लसणाची फोडणी बसली तसे वरच्या मजल्यावरची आमच्याकडची पोरं जिन्यात येऊन बसली.

पीठ वळता वळता काकूंनी मला विचारलं, "तू बी कधी आजारी पडना व्हशी, तवय तुनाजोडे कोन व्हतं, भाऊ?" तूही कधी आजारी पडला असशील, तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं.

मी नानांकडे पाहिलं. ते जागे होते.

"नाना व्हतात, काकू," मी म्हणालो. "मी गच्चीवर होतो. रामसेवकची गोधडी होती. आईला काय सांगितलं ते नानांनाच विचारा."

नाना भिंतीकडे तोंड करून वळले. काकूंनी पहिली वाटी भरली आणि माझ्यापुढे ठेवली, आजाऱ्याच्या आधी. ती मी सावकाश खाल्ली. आजवर सिल्वासात काही इतकं चवीला लागलेलं नाही. मला वाईट वाटलं का, असं नंतर एकाने विचारलं. नाही वाटलं.

तरी गाव सत्कार करतंय, कारण पोरांना अजून कामं लागतात आणि नाना ती लावतात. हेही खरं आहे, म्हणून लिहिलं. हा मजकूर छापायचा की नाही ते मंडळाने ठरवावं. एक प्रत काकूंना वेगळी पाठवली आहे. त्या आईला वाचून दाखवतील.

गावाकडची पोरं आता माझ्याही खोलीत राहतात. गाद्या आजही कमीच आहेत. पण ज्याला ताप आला तो गादीवरून उठत नाही, आणि पहिला फोन त्याच्या घरी जातो, आहे ते सांगायला. घर म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगू शकतो: जिथे आपल्या तापाची बातमी खरी पोचते, ते. मग तिथून आपल्याकडे यायला कोणी निघो किंवा न निघो.

नाना संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतात. मध्येच त्यांना खोकला येतो. मी फोन हातात घेतो आणि विचारतो, "नाना, घरी कळवू का?"

ते खोकला गिळतात.