मोडीवाल्या बाई

जुना मोडी कागद हातात आला की मोडीवाल्या बाई आधी शेवट वाचायच्या. पेणला रामवाडीत राहणाऱ्या या निवृत्त शिक्षिकेकडे लोक जमिनीचे, वतनाचे कागद घेऊन येत. सुरुवात का वाचत नाही, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "दरबारात कोणावर चेटकाचा आळ आला, की त्याचं वतन कोणाकडे गेलं ते आधी बघावं. ते शेवटीच असतं."

आमचं घराणं रोह्याचं. कुलवृत्तान्त छापायचा म्हणून थोरल्या भावाने, दादाने, घरातलं दप्तर माझ्याबरोबर त्यांच्याकडे पाठवलं. आमच्या पूर्वजाला पराक्रमाबद्दल गाव इनाम मिळालं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. कागदात निघालं भलतंच. राजाचा मुलगा आजारी पडला, तेव्हा पूर्वजाने दरबारात सांगितलं की शेजारच्या पाटलाच्या बायकोने चेटूक केलंय. राजवाड्याच्या उंबऱ्याखाली टाचण्या टोचलेली लिंबं सापडली. पाटलाला कुटुंबासह हाकललं आणि त्याचं गाव आम्हाला दिलं.

"लिंबं कोणी ठेवली ते मात्र लिहिलेलं नाय," बाई शांतपणे म्हणाल्या.

दादाने तेवढा भाग गाळायला सांगितला. बाईंनी नकार दिला. दादाने दुसऱ्याकडून हवं तसं लिहून घेतलं. मी गप्प बसलो.

पण पाटलाचं आडनाव बाईंच्या ओळखीचं होतं. खाडीकाठच्या ज्या गावात त्यांनी शिकवलं, तिथे त्या आडनावाचं एकच घर होतं, मिठागरात राबणारं. गाव त्याला अजून 'चेटकिणीचं घर' म्हणे. तिथल्या म्हातारीला कोणी बारशाला बोलवत नसे. बाई मला घेऊन तिच्याकडे गेल्या आणि ओटीवर बसून सगळा कागद तिला वाचून दाखवला.

म्हातारीने विचारलं, "म्हंजे आमच्यात तसला काय नव्हता, व्हय गो बाई?"

"नव्हतं," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हा मी सांगितलं, की आळ घेणारा आमचा पूर्वज. म्हातारीने मला नीट पाहिलं, आत गेली आणि चहा टाकला.

हे कळल्यापासून दादा माझ्याशी बोलत नाही.

दोन वर्षांनी बाई वारल्या. दहाव्याला म्हातारी गावातली चार माणसं घेऊन आली. बाईंनी तिला साध्या अक्षरात करून दिलेली नक्कल पिशवीतून काढून तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "यांना वाचून दाखव."

मी अंगणात उभा राहून वाचलं. पूर्वजाच्या नावाशी अडखळलो, पण वाचलं.