आधी मला विचारा

आमच्या घरात कोणी आजारी पडलं की डॉक्टर त्याला तपासतात आणि मग त्यालाच बाहेर बसवतात. "तुम्ही जरा बाहेर बसता का?" असं गोड आवाजात कोणी म्हटलं की समजावं, आता आत आपल्याविषयी बोलणं होणार आणि ते आपल्या कानावर पडू नये अशी सगळ्यांची इच्छा आहे. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मेंदूला रक्त नेणारी मानेतली डावी रक्तवाहिनी चोंदली होती, म्हणून दोनेक वर्षांपूर्वी तिच्यात स्टेंट बसवला होता. बारीकशी जाळी. सगळं छान चाललं होतं. मग एका दुपारी नवी पेठेत कापडाच्या दुकानात ब्लाउजपीस घेतला, त्याला अस्तर मागायला गेले, तर शब्दच येईना. समोर ठाण दिसत होतं, रंग कळत होता, दुकानदार "काय देऊ, काकू?" म्हणत होता आणि माझ्या तोंडून नुसतं "ते... ते..." उजव्या हातातली पिशवी कधी खाली पडली ते कळलंही नाही. थोड्या वेळाने शब्द परत आला, हातही सावरला. पण माझी सगळी नोकरी पोरांना मराठी शिकवण्यात गेली आहे. बोलणं गेलं तर माझं काय उरणार, या विचाराने मला घाम फुटला. सून सोबत होती. तिने दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावला.

मानेची सोनोग्राफी झाली. मग डॉक्टरांच्या खोलीत आमचे हे, मुलगा आणि बार्शीहून धावत आलेले धाकटे दीर. मी बाहेर बाकावर. तिघेही बाहेर आले ते उसनं हसत.

"काही नाही गं, गोळ्या बदलून दिल्यात," हे म्हणाले. खोडी करून साळसूद चेहऱ्याने बसलेली पोरं मी वर्गात काय कमी पाहिली आहेत?

घरी आल्यावर माझ्या तोंडाला कुलूप. भाजीवालीशी घासाघीस करायची नाही, नातवावर ओरडायचं नाही, बहिणीला फोन करायचा नाही. दीर तर खुर्ची टाकून पहाऱ्यालाच बसले.

"वहिनी, लई बोलू नगा. नसंवर ताण येतुय की. गप पडून ऱ्हावा."

जिला बोलणं जाण्याचीच धास्ती, तिलाच हे लोक गप्प बसवत होते! एक-दोन दिवस सोसलं. मग एका सकाळी दीर आंघोळीला गेले आणि मी रिक्षा पकडली.

"सोबत कोण आहे?" डॉक्टरांनी माझ्या मागे दाराकडे पाहत विचारलं.

"मीच आहे. आजारीही मीच आहे. काय झालंय ते मला सांगा."

ते हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी कागदावर नस काढून दाखवली. जाळीच्या आतून नवा थर वाढला होता आणि वाट पुन्हा अरुंद झाली होती. मांडीतून नळी घालून आत फुगा फुगवला तर ती मोकळी होण्यासारखी होती. ते करताना झटका येण्याचा थोडा धोका होता.

"पण दुकानात जे झालं ते पाहता, नुसतं थांबण्यात मला जास्त धोका वाटतो," ते म्हणाले. "घरच्यांना सांगितलंय मी. विचार करून कळवतो म्हणाले."

"आणि मला कोणी विचारलं?"



घरी रणकंदन माजलं. दीर म्हणाले, मी त्यांना फसवलं. मुलगा म्हणाला, पुण्याला नेऊन आणखी एका डॉक्टरला दाखवू. हे येरझाऱ्या घालत होते. मग एकदम म्हणाले, "टेबलावरच काही झालं तर?" आणि त्यांचा आवाज फाटला. मला त्यांची कीव आली, मायाही आली. तरी मी सोडलं नाही.

"अहो, भीती तुम्हाला वाटते म्हणून मी मुकी होण्याची वाट बघत बसू? मी करून घेणार."

पहिल्या वेळी, जाळी बसवली तेव्हा, मी टेबलावर डोळे गच्च मिटून पडले होते. या वेळी उघडे ठेवले. भूल फक्त मांडीपुरती. उजव्या हातात दाबलं की चीं करणारं रबरी बदक दिलं. सांगितलं की ते दाबायचं आणि विचारलं की बोलायचं. हात आणि वाचा शाबूत आहेत हे त्यांना त्यावरून कळतं. फुगा फुगला तसा मानेत दाब आला, छातीचे ठोके मंदावले, डोळ्यांपुढे अंधारलं. भीती वाटली. खूप वाटली. बदक दाबलं, ते ओरडलं. फुगा उतरवला. डॉक्टर पडद्याकडे पाहत राहिले.

"पुरेशी उघडली नाही," ते सहायकाला हळूच म्हणाले. "आणखी एकदा करावं लागेल, थोडा मोठा फुगा घेऊन. जोखीम वाढते. मी बाहेर नातेवाइकांना विचारून येतो."

 जीभ टाळूला चिकटली होती. ती सोडवली.

"डॉक्टर, बाहेर जाऊ नका. नस इथे आहे, मी इथे आहे. मला विचारा."

 मग ते माझ्या तोंडाशी वाकले.

"मॅडम, आणखी एकदा फुगवू? धोका आहे."

"फुगवा."

"मग बोलत राहा."

मी बोलत राहिले. माहेर, शाळा, दिरांचा पहारा, यांच्या रागलोभाच्या तऱ्हा, जे तोंडाला येईल ते. ठोके पुन्हा मंदावले, अंधारून आलं, तरी बोलत राहिले. शेवटी डॉक्टरांनी मास्कच्या आतून मोठा श्वास सोडला.

"झालं, मॅडम. उघडली. आता गप्प पडलात तरी चालेल."

मी नाही पडले.