कर्कटक

कंपासपेटीतल्या त्या दोन टोकदार पायांच्या वस्तूला कर्कटक म्हणतात. सारखी अंतरं मोजायला ते असतं, असं बाई शिकवायच्या. आमच्या घरात त्यानं जन्मभर पायातले काटे काढले, चपलेच्या बंदाला भोकं पाडली. मोजलं मात्र काहीच नाही बिचाऱ्यानं.

परवा, आजारातून उठलेल्या बाबांना कमरेचा पट्टा सैल व्हायला लागला. त्यांनी कर्कटक मागितलं. शेवटच्या दोन भोकांवर टोकं टेकवून अंतर घेतलं आणि तेवढंच पुढे सरकून नवं भोक पाडलं.

"दिसायला नीट दिसलं पाहिजे," म्हणाले. मग पट्ट्याचं लोंबणारं टोक कापायला त्यांनी कात्री उचलली.

आईनं ती अलगद काढून घेतली. "राहू द्या हो. लागेल परत तेवढा."