हरीस घोटायचा हात

दोह्यात येऊन मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी फिजिओथेरपिस्ट. अल सद्दमधल्या एका क्लिनिकमध्ये नोकरी आणि अल नस्रमध्ये एका खोलीचा फ्लॅट. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला. मराठी बोलायचं ते फोनवर, तेही तिला वेळ असला तर. सुट्टीच्या दिवशी कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं, की आज दिवसभरात आपण तोंड उघडलं ते फक्त चहा प्यायला.

रमजानच्या दोन महिने आधी क्लिनिकने मला एका घरी पाठवलं. पेशंट सत्तरी ओलांडलेल्या कतारी बाई. उजवा खांदा आखडलेला. हात कानापर्यंतसुद्धा जात नव्हता. जुन्या वस्तीतलं बैठं घर, आजूबाजूला सगळ्या नव्या इमारती. घरात त्या आणि केरळची एक स्वयंपाकीणबाई, दोघीच. स्वयंपाकीणबाई त्यांना ‘यम्मा’ म्हणायची, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले.

यम्मांना थोडं हिंदी येत होतं. त्यांचे वडील मोती विकायला मुंबईला जायचे आणि येताना चहा, कापड आणि हिंदी शब्द घेऊन यायचे. त्यांचं ते हिंदी, माझं मोडकं अरबी आणि उरलेलं हातवाऱ्यांनी, असं आमचं बोलणं चाले.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, “खांदा कशाने दुखावला?”

त्यांनी डाव्या हाताने हवेत काहीतरी धरल्यासारखं केलं आणि जोरजोरात खालीवर हलवलं. “हरीस,” म्हणाल्या.

हरीस म्हणजे गहू आणि मांस तासन्‌तास मंद आचेवर शिजवून, मग घोटून घोटून एकजीव केलेला पदार्थ. इकडे रमजानमध्ये तो नाही असं घर नाही. नावाचा अर्थच चेचलेलं, कुटलेलं. यम्मांनी पन्नासएक वर्षं रमजानभर तो घोटला होता. वल्ह्याएवढा लाकडी दांडा घेऊन, मोठ्या हंड्यावर वाकून. सूर्यास्ताच्या आधी गल्लीतल्या प्रत्येक घरी एकेक ताट जायचं आणि प्रत्येक घरातून दुसरं काहीतरी भरून परत यायचं. “रिकामं ताट कधी आलं नाही,” त्या म्हणाल्या.

गेली दोन वर्षं मुलं हॉटेलातून हरीस मागवत होती. यम्मांनी तोंड वाकडं केलं. “मशीनमधला. लहान मुलांच्या खिमटासारखा.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “रमजानपर्यंत हात दे मला.”

“पूर्ण नाही देता येणार.”

“अर्धा दे.”

आठवड्यातून तीनदा मी जायचे. दुखलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या, आवाज करायच्या नाहीत. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम असतो, त्यासाठी मी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. खुणा हळूहळू वर सरकत गेल्या. क्लिनिकमध्ये हैदराबादची एक नर्स होती. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, आमची हलीम याच हरीसची नात. निजामाच्या फौजेतले अरब तो घेऊन आले. आम्ही त्यात डाळी घातल्या, मसाले घातले आणि आमचं म्हणून टाकलं.” हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये लिहिलेल्या पाककृतींतही हा पदार्थ आहे, हे मी मग वाचलं. इतकी वर्षं त्यात फारसं काही बदललं नाही याचं मला नवल वाटलं. गहू, मांस, मीठ, तूप आणि थांबायची तयारी.

रमजान सुरू झाला. क्लिनिकची वेळ कमी झाली, दुपारी दोनलाच सुटायचे. एवढ्या मोठ्या दुपारचं करायचं काय, हा माझा रोजचा प्रश्न. पहिल्या आठवड्यात यम्मांचा निरोप आला : उद्या ये, पण व्यायामाला नको.

तीनला पोचले. मागच्या अंगणातल्या स्वयंपाकघरात हंडा सकाळपासून गॅसवर होता. गहू आदल्या रात्री भिजवलेले. हाडं काढून झाली होती. यम्मा स्टुलावर बसून दोन्ही हातांनी घोटत होत्या. तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि कपाळ घामाने भिजलेलं. दहा-बारा वेळा दांडा फिरला की हात थांबे.

“बस झालं,” मी म्हटलं. “खांदा परत आखडेल.”

“मग तू घे.”

आमच्या घरात मांस शिजत नाही. मी ते त्यांना आधीच सांगितलं होतं. पण दांडा पुढे आला तेव्हा मी तो धरला. हंड्यातून वाफ येत होती. तिच्यात मांसाचा वास होताच, पण त्याखाली दुसरा एक वास होता, शिजलेल्या गव्हाचा. तो मला थेट मिरजेला घेऊन गेला. आई खपली गहू पाण्याचा हबका मारून उखळात सडायची, कोंडा पाखडून टाकायची आणि रात्रभर भिजवून खीर शिजवायची. ढवळायला मला बसवायची. “तळाला लागली तर बघ,” असा दम असायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी घोटत राहिले आणि डोळ्यांना पाणी आलं. वाफेमुळे ते कुणाला कळलं नसावं.

“शोय शोय,” यम्मा म्हणाल्या. हळूहळू. “रागाने नाही घोटायचं.”

तासाभराने दांडा उचलला की हरीस तारेसारखा ताणला जाऊ लागला. यम्मांनी अकरा ताटं मांडली. प्रत्येकात पसरून, मधे बोटाने खळगा करून त्यात तूप सोडलं. मग त्या ताटं मोजत बसल्या. कोणतं कुणाचं हे ठरवू लागल्या, आणि त्यांचा हात थांबला. एका घरचे शहराबाहेर राहायला गेलेले. एकीकडची बाई वारलेली. एक घर पाडून तिथे पार्किंग झालेलं. शेवटी थोरल्या मुलाने पाठवलेला ड्रायव्हर चार ताटं घेऊन गेला. तीन मुलांकडची आणि एक मशिदीसाठी. सात ताटं ओट्यावर राहिली.

मुलांचे फोन आले. आज सासुरवाडीला, आज ऑफिसचं इफ्तार, उद्या नक्की. यम्मा प्रत्येकाला “इन्शाल्ला” म्हणाल्या.

सूर्य मावळला, मग्रीबची अजान झाली. यम्मांनी खजूर तोंडात घातला, पाणी प्यायल्या. मी निघायला उठले तर त्यांनी हात धरून बसवलं आणि स्वयंपाकीणबाईला खूण केली. तिने एक छोटी वाटी माझ्यापुढे ठेवली. मांस घालायच्या आधी बाजूला काढलेले गहू, वेगळ्या पातेल्यात शिजवून, तूप, साखर आणि वेलची घातलेले.

“हे हरीस नाही,” यम्मा जरा नाराजीनेच म्हणाल्या. “पण तू खा.”

मी खाल्लं. तीस माणसं बसतील अशा लांबलचक जेवणघरात आम्ही तिघी एका टोकाला बसलो होतो. चमच्यांचा आवाज ऐकू येत होता.

मधेच त्यांनी विचारलं, “तू रोज कुणाबरोबर जेवतेस?”

“मैत्रिणी आहेत,” मी खोटं बोलले.

त्यांनी माझ्या वाटीत आणखी एक चमचा वाढला.

परतताना रस्ते मोकळे होते. सगळं शहर कुठे ना कुठे जेवायला बसलेलं. घरी आल्यावर मुलीला फोन केला आणि सांगितलं, आज आजीच्या खिरीसारखं काहीतरी खाल्लं. “नाइस, आई. मी लायब्ररीत आहे, नंतर बोलू?” ती म्हणाली. तिचा काही दोष नव्हता. तिला आजी आठवतच नाही.

ईदनंतर थोरल्या मुलाने यम्मांना शहराबाहेरच्या आपल्या बंगल्यात नेलं. क्लिनिकमधली त्यांची फाइल बंद झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी हात सरळ डोक्यावर नेऊन दाखवला. तो इतका वर जाईल हे माझ्या हिशेबात नव्हतं.

पुढच्या रमजानमध्ये मी धीर करून स्वयंपाकीणबाईच्या मोबाइलवर फोन लावला. ती म्हणाली, यम्मा बऱ्या आहेत, पण नव्या घरात हंडा ठेवायला जागा नाही. मग तिने फोन यम्मांकडे दिला. तब्येत, मुलगी, गरमी, एवढं झालं आणि आमचे शब्द संपले. समोरासमोर हातांनी भागायचं, फोनवर काय करणार? तरी दोघींपैकी कुणी फोन ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मग तिकडे अजान सुरू झाली. “खलास, मग्रीब,” त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

मी कुकर उघडला आणि खिचडी वाढून घेतली.